खांड

गेल्या कार्तिकात बाबांना टू-डी एकोला, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीला, नेलं होतं. खोलीत अंधार, एसी नको इतका गार, कोपऱ्यात मशीनची घरघर. बाबा शर्ट काढून डाव्या कुशीवर झोपलेले, तोंड भिंतीकडे. जेलीचा गार लपका छातीवर पडला तसे दचकले आणि मग उगाचच हसले. पडद्यावर करड्या धुक्यात काहीतरी उघडमीट करत होतं. मध्येच डॉक्टरांनी आवाज चालू केला, तर शेतातलं पाणी इंजिनाने उपसताना पाइपाच्या तोंडाशी येतो तसा फस्स-फस्स आवाज. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. बाहेर बाकड्यावर अजून दहाबारा जण ताटकळत होते. त्यांनी पडद्यावर पेन टेकवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हे बघा, सगळी भिंत आत येतेय, एवढा तुकडा उभाच्या उभा. हा भाग मेलेला आहे. ईएफ ३५. औषधं चालू ठेवा." ईएफ म्हणजे दर ठोक्याला हृदय आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर ढकलतं ते. बोलण्यात कठोर असं काही नव्हतं. गॅरेजवाला 'क्लचप्लेट गेलीय' म्हणतो, तसंच. पण भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या माणसालाही कान असतात.

रिक्षा अलिबागच्या बाहेर पडेपर्यंत बाबा गप्प होते. डाव्या हाताला खाजण लागलं, ओहोटीचा तो कुबट-खारट वास आत आला, तेव्हा रस्त्याकडेच बघत म्हणाले, "मेलाय तो भाग आतच ऱ्हातो? कुजत नाय का गो?"

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. हृदयाची आकृती फळ्यावर न बघता काढते. अलिंदं, निलयं, कोणती झडप कुठे, सगळं. आणि मला उत्तर देता आलं नाही. "नाही कुजत, बाबा," एवढंच म्हणाले आणि मांडीवरची औषधांची पिशवी उगाच नीट केली. त्यांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं. पटणार कसं? ज्याने जन्मभर विहिरीत पडलेला उंदीर, तळ्यात उताणा तरंगणारा जिताडा, पावसात भिजलेला पेंढा असलं सगळं हाताने काढून लांब नेऊन टाकलं, त्याला मेलेलं आत ठेवून चालतं हे कसं पटावं? मेलेलं वेळेत काढलं नाही तर सगळं तळं नासतं. हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. माझ्या वर्गातल्या साठ मुलांपैकी एकानेही तो कधी विचारला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

झटका आला तो आषाढात, लावणीच्या ऐन धांदलीत. पहाटे चारला छातीत भरून आलं. आईने ओवा दिला, मग सोडा दिला. आदल्या रात्री बिरडं जरा जास्तच झालं होतं, त्यामुळे पित्तच ते. आठला घाम फुटला, डावा हात जड झाला, तरी "मजूर आलेत, त्यांना च्या दे" चाललंच होतं. मला फोन आला नऊला. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन शिरेत गेलं तेव्हा सव्वाअकरा झाले होते. पुढे अँजिओप्लास्टीसाठी मुंबईला नेताना वडखळच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास अँब्युलन्सचा सायरन नुसता बोंबलत होता, पण त्याचं मला तितकं वाटत नाही. सलतात ते चार ते सव्वाअकरा.

त्याला कारण आहे. नंतरच्या महिन्यांत रात्री सगळे झोपले की मी मोबाईलवर वाचत बसायचे. हृदयविकारावरच्या लेखांतलं एक चित्र डोक्यातून जात नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात रायमर आणि जेनिंग्ज यांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक रक्तवाहिनी बांधून ठेवली आणि मग सोडली. कुणाची चाळीस मिनिटांनी, कुणाची तीन तासांनी, कुणाची सहा तासांनी. १९७७ साली त्यांनी लिहिलं, की रक्त थांबलं म्हणून सगळा स्नायू एकदम मरत नाही. आधी मरतो तो सगळ्यात आतला थर, रक्ताच्या पोकळीला लागून असलेला. मग मरण थराथराने बाहेर सरकत येतं. चाळीस मिनिटांत सोडलं तर बाहेरचा बराचसा स्नायू वाचतो. सहा तासांनंतर वाचवण्यासारखं फारसं उरत नाही. याला त्यांनी नाव दिलं वेव्हफ्रंट, म्हणजे लाटेची पुढची कड. मी खाडीकाठच्या खारेपाटातली, मला लाट नाही दिसली, भरती दिसली. खाजणात भरती येते ती आवाज न करता. आधी खोल चिरांमधून, मग तिवरांच्या मुळांत, मग एकाएकी चिखल दिसेनासा होतो. सव्वासात तास. ओव्याचं पाणी, सोडा, मजुरांचा चहा.

आईला हे मी कधीच सांगितलेलं नाही.

मी सहावीत असेन. नारळी पौर्णिमेचं उधाण, वरून पाऊस, आणि रात्री बाहेरकाठ्याला खांड गेली. आमच्याकडे हे कुणी समजावून सांगत नाही. 'खांड गेली' दोनच शब्द, पुढचं प्रत्येकाला कळतं. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये तो एक मातीचा बांध; त्याला भगदाड पडलं की समुद्र सरळ शेतात. त्या रात्री घराघरातून बॅटऱ्या निघाल्या. बांधावरून एकमेकांची डोकी फोडलेले दोन चुलत भाऊही शेजारीशेजारी उभे होते. ओहोटी लागेपर्यंत नुसतं बघत राहायचं, आणि ओहोटी लागली की सहा तासांत जे होईल ते. चिखलाचे गोळे एका हातातून दुसऱ्या हातात, गोणी, पेंढा, बाभळीच्या फांद्या, कुणाच्या तरी गोठ्याचं मोडकं दार, एक फुटकी होडी आख्खीच्या आख्खी. जे हाताला लागेल ते खांडीत. हा बांध जुन्यासारखा दिसेल का, त्यावर गवत उगवेल का, असं तेव्हा कुणी विचारत नाही. पुढच्या भरतीच्या आत तोंड बुजलं पाहिजे. बाबा छातीभर पाण्यात उभे राहून खुंट ठोकत होते. पाठीला बॅटरीचा उजेड, आणि पाठ पाण्याने चकचकणारी. ती पाठ मला अजून दिसते. एकोच्या खोलीत तीच पाठ माझ्याकडे होती, फक्त फासळ्या मोजता येत होत्या.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या खांडीत सापडलं. पाठ्यपुस्तकात होतंच, पण तिथे ते नुसतं लिहिलेलं होतं. हृदयाच्या भिंतीतला स्नायू मेला की काही तासांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडे धावतात. आधी न्यूट्रोफिल, तोडफोड करणारे. मग मॅक्रोफेज, जे मेलेलं अक्षरशः खातात. काही आठवड्यांत मेलेला बराचसा स्नायू खाऊन साफ होतो. पहिल्या आठवड्याच्या सुमाराला भिंत सगळ्यात मऊ असते. फुटलीच तर बहुतेकदा तेव्हाच फुटते. आणि तिच्यावर दाब तर दर ठोक्याला येतोच, दिवसाला एक लाख वेळा. इथे ओहोटी नाही. ओहोटीची वाट बघायची सोयच नाही. भरतीतच खांड बुजवायची. म्हणून फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी येतात आणि कोलॅजेनचे धागे टाकत सुटतात, आधी विस्कळीत, मग घट्ट, दोरासारखे. दीडदोन महिन्यांत तिथे पक्का वण होतो. तो आकुंचन पावत नाही, ठोका देत नाही. पण फुटत नाही.

ही धावपळ थांबवून पाहायचा प्रयत्नही झालाय. सूज म्हणजे वाईट, ती उतरवली तर हृदयाचं भलं होईल, या हिशोबाने सत्तरच्या दशकात झटक्याच्या रुग्णांना स्टिरॉइडची भारी मात्रा देऊन बघितली. १९७६ साली छापून आलं, की भलं राहो, त्याने नुकसानच होतंय. चिखल वाहणाऱ्या माणसांनाच घरी पाठवलं तर दुसरं काय होणार.

म्हणजे एकोवाले डॉक्टर चुकले होते. उपचारात नव्हे, शब्दात. बाबांच्या छातीत मेलेलं काहीच नाही. मेलेलं होतं ते त्या पहिल्या आठवड्यांत, आम्ही आयसीयूच्या बाहेर डब्यातली पेज गार होऊ देत बसलो होतो तेव्हापासून, आतल्या आत उचलून नेलं गेलं. आता पडद्यावर जो तुकडा हलत नाही, तो बांध आहे. त्यात जिवंत पेशी आहेत, त्या तो राखतात. मला हे कळलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी एकटीच मोठ्याने "अहो, नाही हो," म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे.

पूर्वी हा बांध पक्का होईपर्यंत रोग्याला हलू द्यायचे नाहीत. १९३९ साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी शवविच्छेदनं तपासून वण भरायला किती आठवडे लागतात ते मांडलं, आणि तेवढे आठवडे माणूस अंथरुणाला खिळवून ठेवायची रीत पक्की झाली. पडल्यापडल्या पायात गुठळ्या होऊन माणसं दगावायची ती वेगळीच. मग त्याच शहरातल्या सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन यांनी १९५२ साली सांगितलं, की त्यांना पलंगावरून उठवा, खुर्चीत बसवा. एवढीच क्रांती. आमच्या पडवीत निळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची खुर्ची आहे, बाबा मुंबईहून आल्यापासून तीत असतात. समोर खुंटीला मासे धरायचा पाग टांगलेला. जड म्हणून आता तो फेकायचा नाही. शिशाच्या गोळ्या वाऱ्याने भिंतीला लागून टिकटिकतात, आणि ते त्या आवाजाकडे न बघता बघतात.

पण शरीर स्नायूच्या जागी स्नायूच का घालत नाही? कातडी येते, हाड जुळतं, यकृत तर कापलं तरी वाढतं. हृदयाच्याच बाबतीत ही कद्रूपणाची खोड का? बरीच वर्षं समज असा होता, की जन्माला येताना मिळालेल्या पेशी त्याच शेवटपर्यंत, नवी एकही नाही. हे खरं का खोटं ते ज्या युक्तीने तपासलं ती मला विज्ञानातल्या सगळ्या युक्त्यांमध्ये लाडकी आहे, आणि थोडी भयंकरही. पन्नास-साठच्या दशकांत महासत्तांनी उघड्या हवेत अणुबॉम्ब फोडले. हवेतला कार्बन-१४ वाढत गेला, आणि १९६३ च्या करारानंतर हळूहळू उतरत गेला. हवेतून तो भातात आला, भातातून माणसात. पेशी जन्मली त्या वर्षीच्या हवेचा शिक्का तिच्या डीएनएत बसला. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने हे शिक्के वाचून २००९ मध्ये सांगितलं, की हृदयस्नायूच्या पेशी बदलतात, पण अगदी चिकटपणे: पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आख्ख्या आयुष्यात निम्म्याही बदलून होत नाहीत.

बाबांचा जन्म १९५६ चा. म्हणजे आमच्या खाऱ्या शेतातला लालभडक राता भात खाऊन मोठ्या झालेल्या त्या पोराच्या हृदयातही नेवाडाच्या आणि कझाकस्तानच्या बॉम्बची खूण असणार. मोठ्या झटक्यात शंभर कोटींच्या घरात पेशी जातात म्हणे. शंभर कोटी हा आकडा मला कळत नाही. पण त्यातल्या बऱ्याचशा पेशी बाबा चड्डीत बांधावरून पळायचे तेव्हाच्याच होत्या, हे कळतं.

मासे यात आपल्यापेक्षा उजवे आहेत. झेब्राफिश म्हणून बोटाएवढा पट्ट्यापट्ट्यांचा मासा आहे, मूळचा आपल्याच देशातल्या नद्यानाल्यांचा. गंगेच्या माशांवर लिहिताना हॅमिल्टनने १८२२ मध्येच त्याची नोंद केली होती. २००२ साली केनेथ पॉस आणि मार्क कीटिंग यांनी त्याच्या निलयाचा पाचवा भाग कापून टाकला आणि दोन महिन्यांत तो पुन्हा उगवला. वण नाही, स्नायूच. गोठवून इजा केली तर वण धरतो, पण पुढे तोही विरघळवून त्या जागी स्नायू भरतो. आधी बांध, मग बांध काढून शेत. आपल्या आघारकर संस्थेतही, पुण्याला, हा मासा पाळून इजा भरून कशी येते यावर काम चालतं. आणि २०११ मध्ये टेक्सासच्या लोकांना दिसलं, की एक दिवसाच्या उंदराच्या पिल्लाला हे जमतं. सात दिवसांचं झालं की जमत नाही. आठवड्यात विसरतं. श्वास घ्यायला लागल्यावर रक्तातला प्राणवायू वाढतो, तोच पेशींच्या विभाजनाला मारक ठरतो, असं एक म्हणणं आहे. शिवाय ठोका देणाऱ्या पेशीला विभागायचं तर आतले आकुंचनाचे सगळे दोर आधी सोडावे लागतात. चालू गिरणीचा पट्टा काढून बदलायचा, आणि गिरणी तर बंद करता येत नाही.

बाबांना हे माशाचं सांगितलं, तर म्हणाले, "माशाला काय, त्याला भात थोडीच लावायचाय."

याच सुमाराला मुंबईच्या एका मेहुण्यांनी व्हॉट्सअॅपवर जाहिरात पाठवली. स्टेम सेल टोचून हृदय नवं करून देतो, रक्कम लाखांत. आईने कुडीच्या जोडाचं नाव काढलं. मला राग आला तो जाहिरातीचा नाही, माझ्या आत जे क्षणभर हललं त्याचा. कारण मला इतिहास माहीत होता. २००१ साली मोठा गाजावाजा झाला, की अस्थिमज्जेतल्या पेशी उंदराच्या जखमी हृदयात स्नायू होतात. तीन वर्षांत इतर प्रयोगशाळांना ते जमेना. तरी शोधनिबंध येत राहिले, रुग्णांवर चाचण्या होत राहिल्या, आणि २०१८ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूल आणि ब्रिगहॅम रुग्णालयाने हा दावा करणाऱ्या संशोधकाच्या प्रयोगशाळेतले ३१ निबंध मागे घ्या अशी शिफारस केली. सतरा वर्षं. त्या सतरा वर्षांत किती आयांनी कुड्या काढून ठेवल्या असतील, याचा हिशोब कुठल्या नियतकालिकात येत नाही.

खरं काम चाललंय ते सावकाश. जपानच्या शिन्या यामानाकांनी २००६ मध्ये साध्या पेशीला पुन्हा मूळपदावर नेण्याची रीत दाखवली. तिच्यापासून आता बशीत हृदयस्नायू वाढवतात. त्याचे व्हिडिओ आहेत. गुलाबी पाण्यात दोन ठिपके आपापल्या तालात थडथडतात, आणि वाढता वाढता एकमेकांना टेकले की थोड्या वेळात एका तालात. मी तो दहा वेळा पाहिला असेल, वर्गातही दाखवला; मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प झाली. ओसाकात अशा पेशींचा पापुद्रा माणसाच्या हृदयावर २०२० मध्ये चिकटवला. जर्मनीतल्या गटिंगनमध्ये कोलॅजेनमध्ये पेशी कालवून ठिगळं करतात. आधी माकडांत, मग माणसात. पण सिअॅटलला २०१४ मध्ये माकडांच्या हृदयात भ्रूणाच्या मूळपेशींपासून वाढवलेल्या हृदयस्नायूच्या पेशी सोडल्या तेव्हा स्नायू झाला खरा, आणि त्याबरोबर ठोके बिघडले. नवा तुकडा आपलीच हलगी वाजवायला लागला. नवं आणि जुनं जिथे भेटतं तिथली भानगड. जुन्या वणाचंही तसंच असतं. त्याच्या कडेला निरोगी धागे आणि कोलॅजेन एकमेकांत गुंतलेले असतात, विजेचा प्रवाह तिथे अडखळतो, वाट चुकून गोल फिरायला लागतो. म्हणून तर बाबांना येत्या महिन्यात चोवीस तास ठोक्यांची नोंद ठेवणारा होल्टर लावायचाय. ते का लावायचं, हे मी त्यांना नीट सांगितलेलं नव्हतं.

परवा अमावास्येला संध्याकाळी त्यांना बाहेरकाठ्यावर जायचं होतं. चालायला डॉक्टरांनी सांगितलंच आहे. सावकाश गेलो. वारा खारा, तिवरांत बगळे बसायला आलेले, पाणी अजून खाली. जुन्या खांडीच्या जागी आल्यावर ते थांबले. दम लागला की आपण मुद्दाम थांबलो असं दाखवायची त्यांची रीत आहे. तिथे आता दगड बसवलेत, बाकीच्या बांधावर गवत, त्या वीस-बावीस हातांवर काही नाही. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही विचारलं होतं ना, कुजत नाही का. तिथे मेलेलं काही नाहीच आहे. ते तेव्हाच उचलून नेलं. आता आहे तो असा बांध आहे. खांड बुजवलीय."

त्यांनी दगडांकडे बघितलं. बराच वेळ. "कोनी बुजवली?"

"तुमच्याच आतल्या पेशींनी."

"हां," म्हणाले. मग थोडं पुढे जाऊन, जिथे दगड संपून माती सुरू होते तिथे वाकले. वाकू नका म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. मातीत चिंबोरीचं बीळ होतं, आत पाणी चमकत होतं. "बुजवलेली जागा नाय फुटत," ते म्हणाले. "दगडात चिंबोरी शिरत नाय. फुटतो तो सांधा. जुनी माती नि नवा दगड हितं भेटतो ना, त्यो."

मी होल्टरबद्दल बोलले नाही. त्यांनी बांधाच्या आतल्या अंगाचा ओला चिखल दोन मुठी घेतला, बिळात कोंबला आणि टाचेने दाबला. एकदा, दोनदा, मग थांबून श्वास घेतला, मग तिसऱ्यांदा. खाली तिवरांच्या मुळांत पाणी यायला लागलं होतं.

"चल," म्हणाले, "भरती लागली."